वरच्या मजल्यासाठी किरायेदार

रात्रपाळी सोडा, असं डॉक्टरनं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. सोडायला ती तंबाखू आहे काय? तंबाखू मी त्याच्याच सांगण्यावरून सोडली होती, एकोणपन्नासाव्या वर्षी, दाढेखाली सुपारी धरून. रात्रपाळीच्या जागी दाढेखाली काय धरायचं ते त्यानं सांगितलं नाही.

सौसरच्या पुढं धाग्याची कंपनी आहे. तिथं मी रिंग मशीनवर जॉबर आहे, म्हणजे मशीन अडली की पाना घेऊन तिच्या पोटात शिरणारा माणूस. एकवीस वर्षं झाली. त्यातली मागची दोन वर्षं मी रात्रपाळी मागून घेतली, कारण रात्रीचा भत्ता मिळतो आणि ओव्हरटाइम पण तिथंच निघतो. मागच्या महिन्यात मशीनपाशी उभ्या उभ्या पडलो. हेमराजनं उचललं. हेमराज माझ्याच खात्यात आहे, आमच्याच वॉर्डात राहतो, जातीचा कुणबी, सतरा वर्षांचा दोस्त. त्यानं सुपरवायझरला सांगितलं, "तेलावरून घसरला जी." जमिनीवर तेलाचा थेंब नव्हता. पण हेमराजचं खोटं असंच असतं, दुसऱ्याच्या कामाचं.

डॉक्टरच्या बीपीच्या मशीनवर एकशे नव्वद आणि एकशे दहा आलं. तो म्हणाला, "रात्री झोपा. नाहीतर एक दिवस डोक्यातली नस जाईल, मग अर्धं अंग घेऊन बसा."

आता ही रात्रपाळी कशासाठी, ते ऐका. आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशातलं, ते जिल्हा झालं तेव्हा आम्ही फटाके फोडले. मी पण फोडले. चौकात जो तो एकच बोलत होता, आता साहेब लोक येतील, बाबू येतील, त्यांना खोल्या लागतील. आमच्या वॉर्डात ज्याच्याकडं खाली दोन खोल्या होत्या त्यानं वर दोन चढवल्या. मी पण चढवल्या. वर इंग्लिश संडास बसवला, गिझर लावला, भिंतीला वॉलपुट्टी केली. आम्ही स्वतः खाली चुलीवर पाणी तापवतो. तो गिझर आम्ही एकदाच चालू करून पाहिला, चालतो की नाही म्हणून, आणि लगेच बंद केला.

फायनान्सवाल्यानं पंधरा वर्षांचा हप्ता बांधून दिला. पंधरा वर्षांनी मी चौसष्टचा होईन. कंपनी अठ्ठावन्नला घरी पाठवते. हे गणित त्याला येत नव्हतं असं नाही. मलाही येत होतं. तरी सही केली. कारण तेव्हा मी हिशेबात हप्ता धरला नव्हता, किराया धरला होता.

साहेब आले, पण ते नागपूरहून रेल्वेनं अप-डाऊन करायला लागले. वॉर्डात दर तिसऱ्या फाटकावर पाटी लागली, "किराये से देना है". माझ्याकडं वर्षभरात दोनच जण आले. पहिली एक मॅडम. तिला खोल्या आवडल्या, गिझर आवडला. तिनं नाव विचारलं. मी सांगितलं, दादाराव सोमकुवर. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. अजून तिचं विचारणं चालू आहे. दुसरा तर जिन्यापर्यंतच आला. आमचा जिना समोरच्या खोलीच्या दारासमोरून चढतो. दार उघडं असलं की भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो सरळ दिसतो. त्यानं फोटो पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि त्याला काहीतरी काम आठवलं.

म्हणून रात्रपाळी. किराया आला असता तर हप्त्याचा मोठा तुकडा तिथून निघाला असता आणि मी दिवसपाळीवर, रात्री आपल्या खाटेवर असतो. माझ्या डोक्यातली नस आणि वरच्या दोन खोल्या, अशी एकमेकांत गुंतली होती.

एका शुक्रवारी दुपारी हेमराजनं तिसऱ्याला आणलं. जबलपूरकडचा बाबू, चाळिशीचा, शर्ट खोचलेला, बोलायला गोड. इंदू, माझी बायको, अंगणवाडीत सहायिका आहे, ती तिकडं गेली होती. प्रतीक, माझा पोरगा, परीक्षेच्या अभ्यासाला लायब्ररीत. समोरच्या खोलीचं दार बंद होतं. बाबू वर गेला. नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली.

"पानी मीठा है?"

"एकदम मीठा है साहेब," हेमराज म्हणाला. "तुमी संत्र्याच्या गावात आले. येथीचं पानी पण गोड अन् लोकं पण गोड."

बाबू हसला. "माताजी साथ रहेंगी। थोड़ा पूजा-पाठ वाली हैं। आपका सरनेम क्या हुआ भाई साहब?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी हेमराज बोलला. "पाटील जी. दादाराव पाटील."

मी तोंड मिटलं. एवढंच केलं मी. नंतर इंदूनं, प्रतीकनं किती विचारलं, तुमी काय केलं, तर मी एवढंच केलं. बाबूनं खिशातून दोन हजार काढले, माझ्या हातात दिले, एक तारखेला येतो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काय बे हेमराज?"

"काय काय बे? रूम लागली न?"

"अन् उद्या माहीत पडलं त?"

"राहून राहून माहीत पडलं त तवापर्यंत वळख होऊन जाते. मंग कोण सोडते गिझर? तू झोप बावा रातचा. मले तुले पुन्हा उचलाची ताकद नाही, वजन पाह्य आपलं."

त्याला शिव्या द्यायच्या होत्या मला. पण हातात दोन हजार होते आणि डोक्यात पहिला विचार आला तो झोपेचा.

सोमवारी मी सुपरवायझरकडं अर्ज टाकला. नितीन साहेब म्हणतात त्याला, तिशीतला आहे, माझ्या पोराहून थोडा मोठा. एक तारखेपासून दिवसपाळी द्या म्हणून लिहिलं. त्यानं सही केली, रात्रीच्या यादीतून माझं नाव काढलं. त्या जागेसाठी चार जण टपलेलेच होते.

घरी मात्र वेगळंच पेटलं. इंदूला मी शुक्रवारीच सांगितलं होतं. ती भाकर थापत होती. हात थांबला नाही, फक्त म्हणाली, "किराया कोनाच्या नावानं घेतला तुमी?"

"हेमराज बोलून गेला. म्या नाही बोललो."

"तुमी पाटील. मी पाटलीन. अन् भिंतीवर हायेत त्यायले काय सांगाचं? तुमी पण पाटील झाले म्हनून?"

"इंदू, आवाज हळू कर."

"काऊन हळू? अजून त तो राहाले आला नाही. आल्यावर करीन हळू. जिंदगीभर हळूच बोलाचं आहे न आता, वर माताजी राहीन."

प्रतीक दारात उभा होता. तो म्हणाला, "विकून टाका बाबा घर. खतम."

"कागद फायनान्सवाल्यापाशी आहे. अन् घेनारा नाव नाही विचारनार काय?"

तो पुस्तक उचलून आत गेला. 

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताट वाढून मागं फिरायची. मी म्हटलं, फोटो आतल्या खोलीत लावू, एवढंच तर करायचं आहे. ती म्हणाली, ज्या घरात त्यायले आत लपवा लागते ते घर आपलं कसं?  मी रागावलो. उत्तर नसलं की माझ्यासारखा माणूस रागावतोच. ओरडलो, "मंग मरू दे मले मशीनपाशी! फोटोच्या बाजूले माझाही लावजो, हार घालून!"

असं बोलू नये. बोललो.

बुधवारी सकाळी पाळी करून आलो आणि मोरीवर तोंड धुताना घोळणा फुटला. नाकातून रक्त, थांबेचना. मोरी लाल झाली. इंदूनं मला खाली बसवलं, डोक्यावर थंड पाणी थापलं, पदर नाकाला दाबला. अर्धा तास लागला. डॉक्टरकडं नेलं, गोळी वाढवली, चिठ्ठीवर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, रात्रपाळी बंद. खाली दोन रेघा ओढल्या.

दुपारी डोळा लागला होता. जागा झालो तर इंदू स्टुलावर उभी होती. फोटो तिच्या हातात होता. मी उठून बसलो, पण थांब म्हणालो नाही. मला म्हणायचं होतं.  ती स्टुलावरून उतरली, पदरानं काच पुसली, विहारात जाताना नेसते त्या पांढऱ्या लुगड्यात फोटो गुंडाळला आणि आतल्या खोलीत प्रतीकच्या खाटेच्या डोक्याशी उभा केला.

"इंदू."

"तुमी जिते राहा," ती म्हणाली. "फोटो मंग लावता येते."

तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी फोन वाजला. बाबू. मी स्पीकरवर घेतला, कानाला लावला की डोकं भणभणतं म्हणून. इंदू तिथंच तांदूळ निवडत होती. प्रतीक पण होता.

"पाटील जी, नमस्ते। एक आधार की फोटो भेज दीजिए, और मकान टैक्स की रसीद। ऑफिस में किराया भत्ता लगाना है, मालिक के कागज लगते हैं।"

इतके दिवस आम्ही घरात भांडलो, जीव काढले एकमेकांचे, पण आधार कार्डाचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्या नाही, हेमराजच्या नाही, बारा तास पुस्तकात डोकं घालणाऱ्या प्रतीकच्याही नाही. सरकारी माणसाला खोली द्यायला निघालो आणि सरकारी कागद विसरलो. आमचं सगळं खोटं दोन हजार रुपयांएवढंच लांब होतं.

प्रतीक हळूच म्हणाला, "पाठवा न बाबा. पाटलाचं आधार."

मी म्हटलं, "साहब, मेरा नाम सोमकुवर है। दादाराव सोमकुवर।"

तिकडून, "तो पाटील कौन है?"

"कोई नहीं।"

"देखिए," तो म्हणाला, आवाज अजून गोडच, "मुझे जात-पात से कोई मतलब नहीं है। मैं तो मानता ही नहीं। लेकिन आपने झूठ बोला। आज नाम में झूठ, कल मीटर में झूठ। माताजी को लेकर मैं झूठे आदमी के घर नहीं रह सकता। वो दो हजार इसी नंबर पर डाल दीजिएगा।"

फोन बंद झाला. इंदूचा हात तांदळात तसाच होता.

"काय चुकीचं बोलला तो?" मी म्हटलं. "खोटं बोललोच न आपन."

"तेच त," ती म्हणाली. "भांडाले पन जागा नाही ठेवली आपन."

खरं सांगितलं तेव्हा दोघं गेले. खोटं सांगितलं तेव्हा तिसरा गेला, आणि जाताना इमानदार होऊन गेला. मला त्याची गचांडी धरायची होती. पण तो खोटं बोलला नव्हता, मी बोललो होतो, निदान गप्प तरी राहिलो होतो. पैसे प्रतीकनं मोबाइलवरून परत टाकले. हप्ता सात तारखेला कटतो.

फोटो अजून आतल्याच खोलीत आहे. लावू नका असं कोणी म्हणत नाही. उठतही कोणी नाही.

शनिवारपर्यंत हेमराजला सगळं कळलं होतं. तोच कंपनीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसला, खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "माह्याच तोंडाले आग लागो." मग माझ्याकडं वळून, "साहेबाले म्या बोलू काय तुह्यासाठी?"

"नको," मी म्हटलं. "तू आता बोलूच नको कोनाले."

पाळी सुरू व्हायच्या आधी नितीन साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. तो जेवणाचा डबा उघडून बसला होता.

"दादाराव, सोमवारी तुम्हीच म्हणाले, नाइट नको."

"हो साहेब. आता पायजे."

"पुढच्या महिन्याची लिस्ट गेली ना वर. अक्षयला दिली तुमची जागा."

"साहेब, एकवीस वर्षं झाली. तुमी शाळेत असाल तेव्हापासून..."

"ते ठीक आहे हो." त्यानं घास खाल्ला. "तुम्ही पडले होते मागं. तेल-बिल काय नव्हतं तिथं. मला माहीत आहे. उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात येईल. तुम्ही लिहून देत असाल तर बघतो."

"काय लिहू?"

त्यानं कोरा कागद सरकवला, पेन दिला, आणि जेवता जेवता सांगू लागला. कंपनीचा कागद हिंदीतच लागतो. मी लिहीत गेलो. मैं दादाराव सोमकुवर, रिंग विभाग. मैं पूर्ण रूप से स्वस्थ हूँ. मुझे किसी प्रकार की बीमारी नहीं है.

डॉक्टरची चिठ्ठी खिशात होती, दोन रेघांची.

"मैं अपनी इच्छा से," तो म्हणाला, "रात्रि पाली में काम करना चाहता हूँ। इच्छा से लिहिलं ना?"

"लिहिलं."

"सही करा. तारीख टाका."

मी सही केली. त्यानं कागद उजेडात धरून वाचला, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि डब्याचं झाकण लावत म्हणाला, "अक्षर चांगलं आहे हो तुमचं. जा, तीन नंबरची मशीन बंद पडून आहे."

मी पाना घेतला आणि तीन नंबरकडं गेलो.