जोतं चुकलं

आमचे हे गवंडी. तीस वर्षं लोकांची घरं बांधली आणि स्वतःच्या घराची भिंत एकोणीस वर्षांत कमरेच्या वर नेली नाही. विचारलं की म्हणायचे, "घाई कशाला? काम मनासारखं व्हायला हवं." एकोणीस वर्षं मी पत्र्याच्या खोलीत यांच्या मनाची वाट बघितली. गप्प मात्र बसले नाही, हे अख्खी गल्ली सांगेल.

शेवटी मीच कारखान्यातलं घर मागवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं नळ-दिव्यांसकट तयार. ट्रेलरवरून येणार, क्रेनने जोत्यावर ठेवणार, संध्याकाळी आपण आत. जोतं तेवढं आपलं आपण बांधायचं. हल्ली गवंड्यांना तेवढंच काम उरलंय. कंपनीच्या यादीत नाव असेल तर जोती मिळतात, नाहीतर बसा घरी. यांचं नाव यादीत होतं.

आमचं जोतं यांनी कंपनीच्या नकाशाबरहुकूम बांधलं. दोरी धरून, कोपरा न् कोपरा काटकोनाच्या गुण्याने तपासून. मी म्हटलंसुद्धा, "जोतं बांधताय की दागिना घडवताय?"

घर ठरल्या वेळी आलं. सोबत कंपनीचे इंजिनियर. शर्टाला एक सुरकुती नाही, म्हणून मी त्यांचं नाव इस्त्रीवाले साहेब ठेवलं. क्रेनने घर जोत्यावर टेकवलं, तर दोन इंच बाहेर. पुढून जुळवलं की मागे बाहेर, मागून जुळवलं की पुढे.

"जोतं आखूड आहे," साहेब म्हणाले.

यांनी टेप काढली. जोतं मोजून नकाशाशेजारी धरलं, मग घर मोजलं. "जोतं बरोबर आहे साहेब. घर लांब आहे. तुम्हीच मोजून बघा."

"काका, घर यंत्राने कापलेलं असतं. ते मोजत बसायची आमच्याकडे पद्धत नाही, वेळ जातो."

मग त्यांनी फॉर्म काढला. त्यावर दोन चौकोन. एक 'जोतं चुकलं', दुसरा 'मालकाने आयत्या वेळी बदल सांगितला'. खाली गवंड्याची सही.

"आणि कारखाना चुकला, हे कुठे लिहायचं?" मी विचारलं.

"तो चौकोन आम्ही काढून टाकला, ताई. ठेवला की लोक भरतात."

जोतं चुकलं म्हणून सही केली, तर लोखंडी पट्टी ठोकून घर आजच बसणार. नाही केली, तर घर परत, आणि पुन्हा नंबर लागायला वर्ष. सही केली की यांचं नाव यादीतून बाद. तेही साहेबांनीच सांगितलं, अगदी गोड आवाजात.

संसारात या माणसाने 'माझं चुकलं' असं एकदाही म्हटलेलं नाही. भांडण चार चार दिवस चालायचं, पण नाही म्हणजे नाही. आता हे माझ्याकडे बघत होते आणि मी घराकडे. खिडकीतून स्वयंपाकघराचा पांढरा ओटा दिसत होता. माझी नजर कुठे आहे ते यांनी बघितलं.

"द्या पेन," म्हणाले, आणि सही करून टाकली.

घेऊन जा तुमचं घर, असं मी तिथेच म्हणायला हवं होतं. एकोणीस वर्षं ज्या तोंडाला मी आवर घातला नाही, ते नेमकं तेव्हा मिटलं. मला घर हवं होतं. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी आम्ही आत होतो. घर छान आहे, भिंती सरळ आहेत, दारं आवाज करत नाहीत. हे दिवसभर घरातच असतात. येईल त्याला मी आधी मागच्या बाजूला नेते, बाहेर आलेले दोन इंच दाखवते आणि सांगते, जोतं बरोबर आहे, घर लांब आहे. लोक मान डोलावतात आणि ओट्याचं कौतुक करतात. हे आतून म्हणतात, "पुरे गं आता." खरंच आहे त्यांचं. मी ते एकदाच म्हणायला हवं होतं, त्या दिवशी, साहेबांच्या तोंडावर.