परतीचे आकडे

एंजेलाने मोबाईल गाईच्या बरगडीला टेकवला. गाय खोकली, मान खाली घालून पुन्हा खोकली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: निरोगी.

तिने पुन्हा लावून पाहिला. तेच. गेल्या आठवड्यातही हेच आलं होतं, आणि गाय बरी आहे असं तिच्या मालकिणीला, चांगुणाबाईंना सांगून ती कोल्हारहून निघाली होती. आता गाईच्या नाकातून शेंबूड गळत होता. वैरण तशीच पडून होती.

चांगुणाबाईंना जनावरांच्या डॉक्टरांना फोन करायला सांगून एंजेला बाजेवर बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. जनावराचा श्वास ऐकून आजार ओळखणारं हे ॲप तिने आणि अंगदने श्रीरामपुरात मिळून बनवलं होतं. ॲप कोटलिन या संगणकाच्या भाषेत लिहिलेलं, त्यातला आवाज तपासणारा भाग सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत. एका भाषेतली ॲरे, म्हणजे आकड्यांची रांग, दुसरीला जशीच्या तशी कळत नाही. जाताना बदलून द्यावी लागते, येताना बदलून घ्यावी लागते. जाण्याचं काम एंजेलाचं, येण्याचं अंगदचं. त्याचे आकडे परतताना बिघडत होते. मग एका सकाळी तो म्हणाला, झालं. तिने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली. कोड उघडून पाहावा असं तिच्या मनातही आलं नाही.

आता तिने तो उघडला. सी प्लस प्लसकडून आलेली ॲरे अंगदने तिथेच टाकून दिली होती. तिच्या जागी हाताने लिहिलेले आकडे होते, ठणठणीत गाईचे. कुठलंही जनावर खोकलं तरी तेच परत येणार होते.

अंगद कर्जतला कृषी प्रदर्शनात होता. हे प्रदर्शनापुरतंच होतं, नंतर नीट करणारच होतो, असं तो फोनवर म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत असतं, तर लोकांना इतक्या खात्रीने सांगितलं असतंस का तू?"

तिने फोन ठेवला. लॅपटॉप मांडीवर तसाच उघडा राहिला.

डॉक्टरांनी येऊन गाईची छाती तपासून न्यूमोनिया सांगितला. इतके दिवस का थांबलात, असं त्यांनी विचारलं. चांगुणाबाईंनी एंजेलाकडे पाहिलं. डॉक्टर सुई भरू लागले तेव्हा एंजेला पुढे झाली. मोबाईल खोटं दाखवत होता, ती म्हणाली. तो भाग दुसऱ्याने केला होता.

"मोबाईलचं मला काय कळतंय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "तू म्हनलीस गाय बरी हाय, म्हनून थांबले मी."

अंगदचं नाव एंजेलाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि गाईचं दावं दोन्ही हातांनी धरलं.