दुसरी किल्ली

भंगाराच्या यार्डात आलेल्या गाडीचं पुढं काय व्हायचं ते ठरलेलं असतं. आधी चाकं, मग दारं, मग इंजिन साखळीला लावून वर, आणि उरलेला पत्रा दाबयंत्राखाली. त्यात भावनाबिवना आणायचं काम नाही, असं यार्डाचा मालक फिनबार गिऱ्हाइकांना तोऱ्यात ऐकवायचा. पण कॉर्मकची राखाडी गाडी फाटकाशी येऊन महिना उलटला तरी त्यानं तिला पाना लावला नव्हता. कॉर्मक त्याचा सख्खा थोरला भाऊ. फेब्रुवारीत गेला.

गाडी खालून गंजून चाळण झाली होती आणि तपासणीत नापास होऊन बसली होती. डिझेल इंजिन मात्र ठणठणीत. "पत्रा गेला तरी इंजिन तुझं," असं कॉर्मकनं हॉस्पिटलच्या खाटेवरून लेकीला सांगून ठेवलं होतं. लेक, डेर्व्हला, खेकडे धरते. तिच्या होडीचं इंजिन गेल्या हंगामाच्या शेवटी कायमचं बसलं. होडीत गाडीचं इंजिन बसवणं मेयो परगण्याच्या या किनाऱ्यावर नवं नाही, निम्म्या होड्या तशाच चालतात. मे लागायच्या आत पिंजरे पाण्यात पडायला हवेत. नाही पडले तर होडी विकायची आणि कारखान्यात मासे साफ करायला जायचं.

अडचण किल्लीची होती. तिच्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, आणि गाडीचा संगणक त्या चिपशिवाय कुणाचं ऐकत नाही. ही किल्ली तर कॉर्मकबरोबर गेली होती. शवपेटी मिटायच्या आधी त्याच्या बायकोनं, अट्रॅक्टानं, भरल्या घरात ती त्याच्या कोटाच्या खिशात सरकवली. "घे बाबा, जिवंतपणी कुणाला हात लावू दिला नाहीस, आता तरी कशाला देतोस," असं म्हणाली, आणि रडणारी माणसंही हसली. फिनबारच्या तेव्हाच ओठांवर आलं होतं. पण भावाच्या खिशातून किल्ली काढ, असं कोण कुणाला सांगणार?

शेवटी डेर्व्हला स्वतःच यार्डात येऊन उभी राहिली.

"काका, अजून तिच्याकडे नुसतेच बघत बसलात?"

"तुझ्या बापाची गाडी आहे. बघू दे की."

"बघा. मी तोवर वल्ही मारत जाते."

फिनबार हसला नाही. त्यानं किल्लीच्या कुलपाच्या तारा सोडवून एकमेकींना लावल्या. इंजिन फिरलं, सुरू झालं, आणि सुरू होताच मेलं. समोर लाल दिवा लुकलुकत राहिला. पुन्हा तेच. बोलायला तोंड उघडावं आणि कुणीतरी हात ठेवावा, तसं.

"संपलं म्हणायचं?" डेर्व्हलाचा आवाज उतरला.

"संपत नाही. स्लायगो शहरात एकजण आहे, तो संगणकातलं हे कुलूप पुसून देतो. होडीत बसवायचं तर तसंही ते पुसावंच लागतं. खारं पाणी चिपला लागलं आणि भर लाटांत इंजिन अडून बसलं, तर काय करशील? मला फक्त काढायच्या आधी ऐकायचं होतं, कसं चालतंय ते."

"मग द्या ना पुसून." ती जवळ आली. "आणि आईला नका सांगू. इंजिन बसवून झालं की मी एका सकाळी होडी घेऊन निघून जाईन. परत आल्यावर कळू दे तिला. आधी कळलं तर दारात आडवी पडेल."

अट्रॅक्टाचा धाकटा भाऊ इथल्याच खाडीच्या तोंडाशी बुडाला होता. सापडलाही नाही. फिनबार स्वतः त्याला शोधायला गेला होता. बरं म्हणावं असंच त्याच्या मनात आलं. संगणकात आणखी काही बिघाड आहे का ते बघावं म्हणून त्यानं तपासणीचं यंत्र जोडलं, आणि पडद्यावरची ओळ वाचून तो थांबला. या गाडीला दोन किल्ल्या ओळखीच्या होत्या. एक नाही, दोन.

एकच होती, असं अट्रॅक्टा सगळ्यांना सांगत आली होती. फिनबारनं यंत्र मिटलं. "उद्या बघू," एवढंच तो पुतणीला म्हणाला.

संध्याकाळी तो वहिनीकडे गेला. तिनं चहा ओतला, सोडा ब्रेडला लोणी लावून पुढं ठेवलं, आणि अंगणातल्या कुंपणाबद्दल बोलत राहिली. फिनबारनं तिला बोलू दिलं. बाई थकली होती. एवढ्या दिवसांत तो तिच्याकडे नीट बघायला आलाच नव्हता, आणि त्याची त्याला लाज वाटली.

"अट्रॅक्टा, दुसरी कुठंय?"

"दुसरी काय?"

"किल्ली."

तिनं कप खाली ठेवला. खोटं बोलण्याचा प्रयत्न तिनं केला नाही, हे तिचं मोठेपण. "तुला कुणी सांगितलं?"

"गाडीनं."

"कॉर्मकची गाडी. चहाडखोरच असणार." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "मी नाही देणार, फिनबार. कारखान्यात जाऊ दे तिला. हाताला माशांचा वास येईल, शिव्या देईल मला. पण संध्याकाळी घरी येईल ना?"

"मला नकोय ती किल्ली."

"मग आलास कशाला?"

"तिच्यावाचून माझं अडत नाही, हे सांगायला. उद्या कुलूप पुसून आणलं की झालं. तू लपवलीस म्हणून ती थांबणार नाही. एवढंच होईल की तुला न सांगता जाईल." त्यानं ब्रेड बाजूला सारला. "तुझा भाऊ असाच गेला होता ना? न सांगता?"

हे बोलायला नको होतं, असं त्याला बोलता बोलताच वाटलं. अट्रॅक्टा उठली आणि त्याच्याकडे पाठ करून नळाखाली कप धूत राहिली. धुतलेला कप पुन्हा धुतला. फिनबारनं टोपी घेतली आणि दार ओढून घेतलं. सगळं बिघडवून ठेवलं, असं त्याला घरापर्यंत वाटत राहिलं.

सकाळी तो साखळी ओढून गाडीवर आणत होता. डेर्व्हला नळ्या सोडवायला आली होती, आणि संगणक कधी नेणार म्हणून तिनं टुमणं लावलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. चर्चला जायचा कोट घालून अट्रॅक्टा आत आली. डेर्व्हलानं काकाकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली. काल संध्याकाळी काय बोललो ते सांगायला तोंड उघडेपर्यंत त्याची वहिनी गाडीत बसलीसुद्धा होती, आणि ती कॉर्मकच्या जागेवर बसली होती.

"या तारा तू सोडवल्यास?"

"हो."

"लाव परत."

त्यानं लावल्या. तिनं पर्समधून किल्ली काढली. नवीकोरी होती, कधी न वापरलेली. ती लगेच भोकात जाईना, पण मदतीला कुणी पुढं झालं नाही. इंजिन फिरलं आणि सुरू झालं. इंजिन मेलं नाही. आधी खडखडलं, मग स्थिरावलं आणि एका लयीत चालू राहिलं. फिनबारनं डोळे मिटून कान दिला. आवाज निर्मळ होता. पोरीला भर समुद्रात दगा देणारं इंजिन नव्हतं ते.

अट्रॅक्टा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली होती. समोर गंजक्या दारांचा ढीग होता. आपल्याकडे किल्ली होती हे लेकीला आता कळलं, हे तिला ठाऊक होतं. डेर्व्हला दाराशी येऊन उकिडवी बसली. इंजिन तापून काटा वर येईपर्यंत त्या दोघी तशाच राहिल्या.

मग अट्रॅक्टानं स्वतःच्या हातानं ते बंद केलं आणि किल्ली फिनबारकडे धरली. "काढ आता."

"निघताना तुला उठवू?" डेर्व्हलानं विचारलं. "पहाट असते ती. तुझी झोपमोड होईल."

अट्रॅक्टानं लेकीचा हात धरून स्वतःला गाडीतून बाहेर ओढून घेतलं.

"झोपलेली दिसले तर उठव."