बेटाच्या मागची खोली

"या घरात एक खोडरबर जागेवर सापडेल तर शपथ," हे पुटपुटले.

आमच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल आणि माझी शिलाई मशीन यांच्यात हातभर अंतर आहे, त्यामुळे पुटपुटणंसुद्धा मला अख्खं ऐकू येतं. खोडरबर त्यांच्याच कोपराखाली होतं. मी चहा टाकायला उठले. एकोणीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला घरातल्या वस्तू सापडत नाहीत, आणि घरातल्यांना तो.

हे म्हणजे बद्रुद्दीन, महेकचे अब्बा. मालदीवला बेटांवर हॉटेलं बांधणाऱ्या कंपनीत ड्राफ्ट्समन. दोन वर्षांनी एकदा यायचे, दोन महिने राहून जायचे. या खेपेला सातवा महिना चालू होता. सुरुवातीला शेजारी विचारायचे, परत कधी निघताय? हे सांगत, रजा वाढवलीय. मंदीच्या बातम्या सगळ्यांच्याच टीव्हीवर लागत होत्या. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. दोरीने आवळलेली, मार्करने नाव लिहिलेली बॅग मात्र दाराआड तशीच उभी होती. मी तिला वळसा घालून झाडू मारायची.

मग एक दिवस साहेबांनी नवं बेट घेतलंय, नकाशा पाठवायचाय असं सांगून यांनी टेबल ताब्यात घेतलं. साहेबांचा फोन आलेला मी तरी ऐकला नव्हता. हे नमाजाला गेले असताना मीच एकदा त्या ऑफिसचा नंबर लावला. हा नंबर बंद आहे, असं एका बाईने फार गोड इंग्रजीत सांगितलं. ते मी कुणाला बोलले नाही. आमची लेक महेक कामोठ्याहून, सासरहून, रोज फोन करायची आणि नोकरीचं सोडून अब्बांच्या गुडघ्याची चौकशी करायची. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

आता माझ्या भावाने, मोहसीनने, तळोज्याच्या एका कारखान्यात यांच्यासाठी शब्द टाकला होता. शेडचे नकाशे काढायचे, साधं काम. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं, नाहीतर ते दुसरा माणूस घेणार. आज गुरुवार. निरोप मी तीनदा दिला होता आणि तिन्ही वेळा साहेबांना विचारून सांगतो, हेच उत्तर मिळालं होतं.

चहाचा कप ठेवायला जागा शोधत मी कागदावर वाकले. शिवण मी कुणाकडे शिकले नाही, जुने ब्लाऊज उसवून उसवून शिकले, त्यामुळे कागदावरच्या मापांची मला भीती वाटत नाही. बेट सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. पाण्यात खांबांवर उभ्या चोवीस खोल्या, प्रत्येकीचं दार समुद्राकडे. माडांच्या सावल्यासुद्धा काढल्या होत्या. आणि पार मागे, जनरेटर आणि धोबीखाना यांच्या मधे, एक चौकोन. त्यात चार बारक्या चौकटी, प्रत्येकीत दोनचा आकडा.

"हे काय?"

"स्टाफची खोली. एकावर एक पलंग, आठ जणांचे."

"खिडकी राहिली."

"राहिली नाही. त्या खोलीला नसते."

मी गळ्यातली टेप काढून चौकटीवर लावली. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, हे मला यांनीच सांगितलं होतं. पलंगाची रुंदी सेंटिमीटरभरसुद्धा भरली नाही.

सात महिने मी बघत होते. आमच्या डबल बेडवर हे भिंतीला चिकटून, कुशीवर, हात पोटाशी घेऊन झोपतात. मला वाटलं, माझ्यापासून लांब. मग मीही माझ्या कडेला सरकले. मधली चादर रोज सकाळी इस्त्री केल्यासारखी असते.

"तुम्ही यात राहिलात?"

"वरच्या पलंगावर. वर वारा बरा लागायचा." मग जरा थांबून म्हणाले, "पंख्याचा."

एकोणीस वर्षं हे मला फोनवर समुद्राचं सांगायचे. निळा आहे, हिरवा आहे, तळ दिसतो. मी इथे पाण्याच्या टँकरची वाट बघत ते ऐकायची आणि मनात म्हणायची, मजा आहे बाबा एका माणसाची.

मी पेन्सिल उचलली आणि त्या चौकोनाला समुद्राच्या बाजूने एक खिडकी काढली. जरा तिरकी आली. यांनी कोपराखालचं खोडरबर घेतलं आणि तिच्यावर धरलं.

"साहेबांना चालणार नाही."

"कुठल्या साहेबांना?" मी विचारलं.

खाली रस्त्यावरून कंटेनर गेला, कपातला चहा थरथरला. यांनी खोडरबर बाजूला ठेवलं. पट्टी लावून माझी तिरकी रेघ सरळ केली, सावकाश, दोनदा गिरवून. मग पट्टीवरची नजर न काढता म्हणाले,

"कंपनी बंद झाली, हाजरा. मला आता कुणी बोलावणार नाही."