टोकाचं घर

"रिलेला हात कुणी लावला?" ताईने वीज उपकेंद्राच्या दारातूनच विचारलं.

आत ड्यूटीवर तिचा सख्खा धाकटा भाऊ होता. "आधी बस तरी. पाणी घे."

"पाणी गेलं खड्ड्यात! काल दोन तारा एकमेकींना भिडून जळत राहिल्या आणि तुटून आईच्या अंगणात पडल्या. ती दोरीवरचे कपडे काढून नुकती आत वळली होती. देव उभा राहिला म्हणून वाचली. फीडर ट्रिप होऊन लाइन बंद का पडली नाही?"

आज तारा जोडायचं काम चालू होतं, म्हणून फीडर बंदच होता. ठरवलेल्या आकड्यापेक्षा जास्त करंट दिसला की लाइन तोडणारे हे रिले तपासणं हीच ताईची नोकरी. तिने रिलेच्या पडद्यावर तो आकडा काढला. तिने स्वतः तीनशे अँपिअर लावले होते. आता तिथे सहाशे.

भावाची मान खाली गेली. "गिरणीची मोठी मोटर सुरू झाली की रोज ट्रिप. मग फोनवर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. आकडा वाढवला, तेव्हापासून शांतता."

"शांतताच ती! ये इकडे."

तिने तपासणीचा संच जोडला. "टोकाला तारा भिडल्या तर इथे जेमतेम पाचशे दिसतात. आईचं घर टोकाला. पाचशेच्या हिशोबाने करंट सोडते. बघ."

रिले ढिम्म. लाल दिवा नाही, खटका नाही. भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालत होतं.

"बास ना, ताई."

"का बास? काल तारांना कुणी बास म्हटलं? बघत राहा. आई एकेक कपडा काढतेय. चादर. टॉवेल. तुझा शर्ट."

भावाचे डोळे भरून आले. ताईचाही आवाज फाटला, पण राग तसूभर हलला नाही. "मोटर सुरू होताना क्षणभरच जास्त करंट ओढते, तेवढ्यापुरतं रिलेला जरा दम धरायला लावायचं असतं, गाढवा. वेळ वाढवायची. तू त्याचे डोळेच फोडलेस. मला एक फोन करायला तोंड शिवलं होतं?"

तीनशे त्यानेच परत लावले. वेळ तिने ठरवली. पुन्हा पाचशे सोडले. श्वास घेऊन सोडेपर्यंत खटका वाजला.

संध्याकाळी लाइन चालू झाली. गिरणीची मोटर धडधडली, रिलेने दम धरला, मोटरने वेग घेतला. फोन गप्प.

"रिलेचा पासवर्ड बदललाय," पिशवी उचलत ताई म्हणाली.

"आईला... कळलंय?"

"सकाळीच म्हणाली, पोराला शिव्या सोसत नाहीत, त्यानेच काहीतरी केलं असेल. जेवायला बोलावलंय तुला." ती दारात थांबली. "मी तिच्या जागी असते तर दार उघडलं नसतं."