न्हाणीवरचं छप्पर आणि मी वजनकाटा

मी वजनकाटा बोलतोय, आणि भरभर ऐका, कारण मला शांत राहता येत नाही. जवळून डंपर गेला की माझे आकडे नाचतात. वारा सुटला तरी नाचतात. अंगावर काही नसलं तरी आत काहीतरी हलतच असतं.

आधी मी सिकंदराबादजवळ बेगम बाजारात होतो. हिम्मतराव नावाच्या व्यापाऱ्याकडे लाल मिरचीची पोती तोलायचो. पोतं ठेवलं की आकडा थांबायच्या आत ते "हौ, झालं" म्हणायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून हलतोय की. हिम्मतराव म्हणायचे, त्याला मिरची झोंबतेय. पुढं त्यांनी नवा काटा घेतला आणि मला विकून टाकलं.

मी आलो त्याच शहराच्या पश्चिमेला, एका उंच इमारतीच्या कामावर. ही इमारत म्हणे हिरवी होणार. रंगानं नव्हे, सर्टिफिकेटानं. त्यासाठी बांधताना निघालेला कचरा वेगळा करून तोलायचा. फुटक्या विटा एकीकडे, सळ्यांचे तुकडे एकीकडे, लाकूड एकीकडे. किती निघाला, किती परत वापरला आणि किती बाहेर फेकला, ते दाखवायचं. फेकला थोडा तर इमारत चांगली. विचार वाईट नाही. या शहराच्या तळ्यांत किती राडारोडा ओतलाय ते बघून या, मग मला हसा.

कचरा निवडून माझ्यावर ठेवायचं काम भामाकडे होतं. देगलूरकडची बाई, तोंडानं फटकळ. माझा आकडा हलत राहिला की ती मला म्हणायची, "थांब रे मुडद्या, किती थरथरतोस."

माझ्या शेजारीच बायकांची न्हाणी होती. चार बाजूंनी पत्रे, वर उघडी. इमारत खाली होती तोवर चाललं. पण इमारत रोज वर चढते, आणि वर चढलेल्या माणसाला खाली दिसतं. स्लॅबवरून कोणी खोकायचं, कोणी शीळ घालायचं. बायका अंगावरच्या साडीसकट पाणी ओतून घ्यायच्या आणि ओल्या साडीनं कामाला लागायच्या. शेवटी भामानं सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबच्या साच्याचं, वाया गेलेलं प्लाय गोळा केलं आणि न्हाणीवर छप्पर घातलं. त्या दिवसापासून आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज यायला लागला. त्याआधी नुसता पाण्याचा यायचा.

मग तपासणी आली. किशोर इंजिनियरच्या लक्षात आलं की आलेल्या लाकडाच्या मानानं माझ्यावर लाकूड फारच थोडं चढलंय. बाकीचं कुठं गेलं, हे सर्टिफिकेटासाठी तपासायला येणाऱ्या मॅडम विचारणार. पोरगा तसा वाईट नव्हता. नोकरी नवी, घाबरलेला. पण घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं छप्पर लाकूड दिसतं.

त्यानं प्लाय उतरवून घेतलं. भामा विटा टाकून आली.

"किशोर सार, ते आमच्या अंगावरचं हाये."

"अक्का, फक्त तोलायचंय. मॅडम गेल्या की परत लावतो."

"मग मॅडमच्या पुढ्यातच बोला तसं."

तपासायला आल्या त्या गौरी मॅडम. सिकंदराबादच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या, मराठी बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान वर करून स्लॅबवरची माणसं पाहिली आणि किशोरला सांगितलं की न्हाणीवर लावलेलं लाकूड हे परत वापरलेलंच लाकूड, वजन करा आणि होतं तिथं लावून टाका. माझ्यावर प्लाय चढलं, आकडा लिहिला गेला, फोटो निघाला. मॅडम गाडीत बसून गेल्या.

आणि प्लाय माझ्या बाजूला पडून राहिलं.

किशोर म्हणाला, सुतार वरच्या मजल्यावर आहेत, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. वरून पुन्हा खोकणं सुरू झालं. कागदावर छप्पर होतं, माझा आकडा त्याला साक्षी होता, आणि बायका ओल्या साडीनं विटा वाहत होत्या. मी कधी खोटा आकडा दाखवला नाही. तरी इतका खोटा मी कधीच झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी भामानं बायकांना हाक मारली. सगळ्यांनी मिळून मला उचललं आणि सरळ न्हाणीत नेऊन ठेवलं. एक बाई आत आंघोळीला, बाकीच्या दारात. राडारोडा न्यायला आलेली गाडी रिकामीच उभी राहिली. तोलल्याशिवाय तिच्यात काही भरायचं नाही, हा किशोरचाच नियम.

तो पत्र्याबाहेर येऊन उभा राहिला. आत यायची सोय नव्हती.

"अक्का, काटा द्या ना. वरून फोनावर फोन यायलेत."

"या की घ्यायला," भामा म्हणाली. "लाजता कशाला? वरच्यांना सगळं दिसतंय, तुम्हीच तेवढे ऱ्हायलात."

किशोरनं मान वर केली असणार. वर माणसं कठड्याशी ओळीनं उभी होती. त्याचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पत्रा आड होता. पण सुतार लगेच खाली आले. या वेळी प्लाय खिळ्यांनी नाही, नटबोल्टांनी बसलं.

तोवर पाणी माझ्या आत शिरलं होतं. आकडे एकदा नाचले आणि विझले. नवा काटा आला. मला कोणी परत मागितलं नाही. आता मी न्हाणीतच आहे. बायका माझ्यावर उभ्या राहून आंघोळ करतात. मी आकडा सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. थरथर मात्र गेली नाही.

इमारत पुरी होत आली. थोड्या दिवसांनी न्हाणी मोडतील, प्लाय लाकडात जाईल, मी लोखंडात. जाऊ दे. भामा दुसऱ्या कामावर जाईल, तिथली इमारतही वर चढेल. तिथल्या इंजिनियरला माझं एवढंच सांगा. काटा नंतर आणा. आधी न्हाणीवर छप्पर घाला.