राणीची मान

गणपत लुगडं नेसून रंगभूमीवर आला की प्रेक्षकांतल्या बायकाही पदर सावरायच्या. पण राणी कशी बसते, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? त्याच्या नाटक मंडळींनी इंग्रज सरकारने खालसा केलेल्या एका संस्थानाचं नाटक बसवायला घेतलं, तेव्हा तो थेट कल्याणला आईसाहेबांकडे गेला. दत्तक नामंजूर होऊन त्यांची गादी गेलेली. नावं बदलली होती इतकंच, नाटक त्यांचंच होतं.

आईसाहेबांनी त्याला उठणं, बसणं, पदर धरणं सारं शिकवलं. गुरुदक्षिणा म्हणून एकच मागितलं.

"शेवटी राणी राज्याची मोहोर साहेबाच्या हाती देते ना? तेव्हा मान लववायची नाही."

गणपतने त्यांच्या पायांवर हात ठेवून शब्द दिला.

ठाण्याच्या खेळाला जिल्ह्याचा साहेब येऊन बसला आणि मंडळींचे मालक दाजी यांची गाळण उडाली. शेवटच्या अंकाआधी ते रंगपटात धावत आले.

"गणपत, मोहोर देताना जरा वाक रे बाबा. खेळ बंद झाला तर एवढी माणसं खाणार काय?"

बायकांसाठी लावलेल्या चिकाच्या पडद्याआड कल्याणहून आलेल्या आईसाहेब बसल्या होत्या. गणपतला ते माहीत होतं. तरी तो वाकला, चांगला कमरेपर्यंत वाकला. मान वर केली तेव्हा पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी दिसली. साहेब कंटाळून केव्हाच उठून गेला होता. ज्याच्यासाठी वाकला, त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कल्याणला जाऊन आईसाहेबांच्या पायांशी बसला.

"चुकलो, आईसाहेब. पुढच्या खेळाला मान ताठ ठेवीन."



"दरबारात त्या दिवशी मोहोर देताना मी वाकले होते रे," आईसाहेब म्हणाल्या. "मुलाला तरी काही मिळेल म्हणून वाकले. काही मिळालं नाही. म्हणून तुला सांगितलं होतं, तू तरी वाकू नकोस. काल सगळ्या ठाण्यादेखत मी दुसऱ्यांदा वाकले."

रागवल्या असत्या तर गणपतला बरं वाटलं असतं. त्यांनी दासीला, शेवंतीला हाक मारली आणि त्याला गूळपाणी द्यायला सांगितलं. आल्या माणसाला तसंच पाठवायची त्या घरची रीत नव्हती.